पोटगीचा पैसा कोणाचा ?

नवराबायकोचें फाटलें तर तें त्या दोघांपुरतें फाटतें. मुलाची भूक मात्र दोन घरांत वांटून देतां येत नाहीं. म्हणूनच आमच्या धर्मशास्त्रानें लहान अपत्याची गणना पोष्यवर्गांत केली. मिताक्षराकार विज्ञानेश्वर आमच्या धाराशिव जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणीचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे. त्या परंपरेंत मुलाचें पोषण हा बापाचा उपकार नव्हे, कर्तव्य होय.

आजचा कायदाहि हेंच सांगतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें 125 वें कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमाच्या रूपानें चालू आहे. त्यांत पत्नीचा हक्क वेगळा व मुलाचा वेगळा. दरमहा पांचशें रुपयांची जुनी कमाल मर्यादा 2001 सालीं गेली; आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं सांगितलें.

परंतु सोनारीसारख्या गांवांतील बाईचा प्रश्न न्यायालयांत संपत नाहीं. तो परांड्याच्या तहसील कचेरींत पुन्हा उभा राहतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेंत परित्यक्ता स्त्रियांस, तसेंच पोटगी न मिळणाऱ्या अथवा अपुरी मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रियांस दरमहा 1,500 रुपये मिळतात. अट अशी कीं, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आंत असावें. म्हणजे महिन्यास 1,750.

आतां त्रैराशिकाहून सोपें गणित करूं. मुलाकरितां दरमहा 2,000 रुपये ठरले, तर वर्षाचे 24,000 होतात. ते कुटुंबाच्या उत्पन्नांत धरले गेले कीं मर्यादा ओलांडली, आणि आईचे वार्षिक 18,000 बुडाले. बापानें दिलेल्या चोवीस हजारांतून घराच्या पदरांत खरी भर पडली सहा हजारांची, महिन्यास 500 रुपयांची ! पुढें बापानें हात आंखडला तर दोन्हीं गेलें. उलट 2024 सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेंत हीच मर्यादा अडीच लक्ष रुपयांची आहे. तेथें एवढी पोटगी आड येत नाहीं. अर्थात् इतर सरकारी योजनेंतून दरमहा 1,500 रुपये घेणारीस ती मिळत नाहीं. एकाच सरकारच्या दोन तागड्यांत एकाच बाईचें वजन असें निरनिराळें भरतें.

विलायतेंतहि पूर्वीं मुलाची पोटगी आईच्या सरकारी मदतींतून वजा होत असे. 2008 सालीं आठवड्यास वीस पौंडांपर्यंतची सूट मिळाली, आणि 2010 च्या एप्रिलपासून ती पोटगी हिशेबांत धरणेंच बंद झालें. जो पैसा मुलाच्या दुधाचा, तो आईची मिळकत कसा ? आमच्याकडेहि हा विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

तोंवर वाचकांस एवढेंच सांगूं. आपल्या घरीं कामास येणारी अशी एखादी बाई असेल, तर तिचा अर्ज लिहून द्या. मुलाच्या पोटगीचा आंकडा हुकुमांत स्वतंत्र मागा. ती मिळाली तर लपवूं नका. पण हुकूम झाला म्हणजे पैसा मिळाला असेंहि नव्हे. हप्ता थकला तर एका वर्षाच्या आंत वसुलीचा अर्ज करा; जाणूनबुजून चुकविणाऱ्यास दर महिन्याच्या थकबाकीसाठीं एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते. त्या अर्जाची नक्कल व बँकेचें पासबुक तहसीलांतील कागदांस जोडा. विभक्त आईबापांच्या मुलांसाठीं बालसंगोपन योजना आहे, तिचीहि चौकशी करा.

शिकलेल्या माणसाला अर्ध्या तासाचें हें काम. पण त्या बाईच्या घरीं त्यावर वर्षभराची चूल अवलंबून असते.