पाऊल कलते, नडगी फिरते

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना 1600 मीटर आणि महिला उमेदवारांना 800 मीटर धावावे लागते. त्या तयारीसाठी तालुक्याच्या मैदानावर, आणि मैदान नसेल तेथे डांबरी रस्त्याच्या कडेने, तरुण-तरुणी पहाटे धावताना दिसतात. यांतील काहींची तयारी दम कमी पडल्यामुळे नव्हे, तर नडगी दुखू लागल्यामुळे थांबते. मग कोणीतरी सांगतो, की पाऊल आत पडते आहे, तळवे सपाट आहेत. खास बूट घेतल्यावाचून गत्यंतर नाही. शेतमजुराच्या घरातील मुलाने या सल्ल्यापायी काही हजार रुपये खर्च करावेत काय, हा त्या घराच्या दृष्टीने लहान प्रश्न नव्हे. त्याचा विचार करण्यापूर्वी पाऊल आत पडते म्हणजे नेमके काय घडते, हे समजून घ्यावयास हवे.

धावताना बहुतेकांच्या टाचेची बाहेरची कड प्रथम जमिनीला टेकते. पाठोपाठ पाऊल आतल्या अंगाला कलते, तळव्याची कमान काहीशी खाली बसते आणि चवडा किंचित बाहेरच्या दिशेला वळतो. या एकत्रित हालचालीला वैद्यकशास्त्रात ‘प्रोनेशन’ म्हणतात. मराठीत तिला पावलाचे अंतर्नमन म्हणता येईल. पाऊल जमिनीवर असते ते जेमतेम पाव सेकंद. तेवढ्या अवधीत शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार त्या एका पायावर येतो. धावणारा 60 किलो वजनाचा असेल, तर हा भार 120 ते 180 किलोंचा झाला, आणि 1600 मीटरच्या धावेत अशी हजाराच्या आसपास पावले पडतात. अंतर्नमनामुळे हा भार एकदम न आदळता थोडा सावकाश झेलला जातो, आणि खडबडीत जमिनीशी पावलाला जुळवून घेता येते. तेव्हा अंतर्नमन ही मुळात निसर्गाने केलेली सोय आहे, व्यंग नव्हे.

ही हालचाल पावलापुरती राहत नाही. टाचेच्या हाडावर घोट्याचे हाड बसलेले असते आणि या दोहोंमधील सांध्याचा आस तिरपा असतो. जमिनीशी तो सुमारे 42 अंशांचा कोन करतो. दोन लाकडी पट्ट्या तिरप्या बिजागरीने जोडल्या, तर आडवी पट्टी कलताच उभी पट्टी स्वतःभोवती फिरते. येथेही तसेच घडते. टाच कलली की घोट्याचे हाड आत वळते. ते नडगी आणि तिच्या शेजारचे बारीक हाड यांच्या खोबणीत घट्ट धरलेले असल्यामुळे नडगीही आत फिरते, आणि पुढे गुडघा व मांडीपर्यंत ही गती पोहोचते. याचा प्रत्यय घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अनवाणी उभे राहून, तळवे न हलवता, दोन्ही गुडघे आतल्या बाजूला वळवावेत. तळव्यांची कमान खाली बसताना दिसते. गुडघे बाहेर वळवले की ती पुन्हा उंचावते.

शरीर पावलाच्या पुढे सरकले की क्रम उलटतो. टाच उचलली जाते, अंगठा मागे वाकतो, तळव्याखालची जाड पट्टी ताणली जाऊन कमान उंचावते आणि नडगी बाहेर फिरते. आतापर्यंत लवचीक असलेले पाऊल या वेळी तरफेसारखे ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते.

अतिरेकी अंतर्नमनाची भीती या यंत्रणेतूनच निर्माण झाली. पाऊल फार कलले, किंवा कललेलेच राहिले, तर नडगी गरजेपेक्षा अधिक फिरेल, गुडघ्याची वाटी खेचली जाईल आणि दुखापत होईल, असा तो युक्तिवाद. 1970 नंतर अमेरिकेत धावण्याची लाट आली आणि आतल्या बाजूला कठीण थर असलेले, पाऊल कलू न देणारे बूट बाजारात आले. ओल्या तळव्याचा ठसा पाहून बूट निवडण्याची रीतही रूढ झाली. युक्तिवाद तर्कशुद्ध होता. अडचण एवढीच, की दुखापतींच्या नोंदी त्याला फारशी साथ देईनात.

अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन कोअर यांतील हजारो नवशिक्या सैनिकांवर या रीतीची परीक्षा झाली. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट देण्यात आले, दुसऱ्या गटातील सर्वांना एकाच प्रकारचे. 2009 आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील दुखापतींच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी 927 नवोदित धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर त्यांच्या नोंदी ठेवल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आत कलणाऱ्या पावलांना अधिक दुखापती झाल्याचे आढळले नाही. उलट धावलेल्या अंतराच्या हिशेबाने त्या किंचित कमीच भरल्या. दुसरी बाजूही नोंदवावयास हवी. लक्झेंबर्गमध्ये 372 धावपटूंवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंतर्नमन जास्त असलेल्यांना आधाराच्या बुटांचा लाभ झालेला दिसला. शिवाय कमान फार खाली बसणाऱ्यांना नडगीच्या आतल्या कडेचे दुखणे थोडे अधिक जडते, असेही आढळले आहे. संबंध आहे, पण तो क्षीण आहे. पाऊल किती कलते यावरून नडगी किती फिरेल हेही सर्वांत सारखे नसते. उंच कमानीच्या पायात तीच कलती गती नडगीकडे अधिक प्रमाणात जाते. सपाट तळव्याकडे बोट दाखवणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

मग नडगी का दुखते? पोटरीच्या आत खोलवर असलेले स्नायू प्रत्येक पावलाला अंतर्नमन आवरून धरतात, आणि नडगीचे हाड प्रत्येक पावलाला सूक्ष्म प्रमाणात वाकते. सवय होण्यास हाडाला आठवडे लागतात. दम मात्र त्याआधीच वाढतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर एकाएकी रोज पाच-सहा किलोमीटर धावू लागणाऱ्या मुलाचे फुप्फुस साथ देते, हाड देत नाही. पूर्वीची दुखापत आणि एकदम वाढवलेला सराव यांकडे पावलाच्या आकाराआधी पाहावे लागते, ते यामुळेच. अशा वेळी धावणे काही काळ कमी करणे, एक दिवसाआड मऊ मातीवर धावणे, पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम करणे आणि अंतर हळूहळू वाढवणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. बूट निवडताना तो पायाला सुखकर वाटतो की नाही, ही साधी कसोटी बहुतेकांना पुरते. दुखणे बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शक्यता असते. तेथे धावणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

तळवे सपाट दिसतात म्हणून धास्तावलेल्या उमेदवाराने आधी चवड्यांवर उभे राहून पाहावे. अनेकांच्या पायाला त्या स्थितीत कमान येते आणि टाच आतल्या बाजूला वळते. असा तळवा लवचीक असतो आणि दुखत नसेल तर त्याला उपचारांची गरज नसते. चवड्यांवर उभे राहूनही कमान उमटत नसेल, किंवा पाऊल ताठ आणि दुखरे असेल, तर भरतीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत न थांबता जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.