विश्लेषण : वस्ती ५९ एकरांची, लढा दहा हजार चौरस किलोमीटरच्या जंगलाचा… काय आहे ‘बॅरियर लेक’च्या अल्गोंक्विनांचा प्रश्न?

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, राजधानी ओटावापासून उत्तरेला मोटारीने साधारण तीन तासांवर रॅपिड लेक ही छोटी वस्ती आहे. अल्गोंक्विन आदिवासींसाठी राखीव असलेल्या या जागेचे क्षेत्रफळ अवघे ५९ एकर. तिथे राहणारे काही शे लोक गेली कित्येक दशके सरकारशी भांडत आहेत. मात्र त्यांची मुख्य मागणी नुकसानभरपाईची नाही, स्वतंत्र राज्याचीही नाही. भोवतीच्या जंगलाचे काय करायचे, हे ठरवताना आपल्याला विचारले जावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

हे लोक कोण?

‘बॅरियर लेकचे अल्गोंक्विन’ ही त्यांची सरकारी ओळख. ते स्वत:ला मिचिकानिबिकोक इनिक म्हणवतात. मासे अडवण्यासाठी पाण्यात रचलेल्या दगडी बांधाजवळचे लोक, असा त्याचा अर्थ. ‘बॅरियर’ हा शब्दही त्या बांधावरूनच आला. हा समुदाय विस्तीर्ण अशा अनिशिनाबे समाजाचा भाग आहे. कॅनडातील बहुतेक आदिवासी भाषा म्हाताऱ्यांपुरत्या उरल्या असताना इथे मुले आजही घरात आपली भाषा, अनिशिनाबेमोविन, बोलत मोठी होतात. जंगलात जाणे थांबले नाही, म्हणून भाषा टिकली, असे समुदायातले लोक सांगतात. प्राणी, झाडे, पाणवठे आणि ऋतू यांचे शब्द तिथेच वापरात असतात.

दहा हजार चौरस किलोमीटरमधून ५९ एकरांत कसे आले?

या समुदायाच्या शिकारीच्या आणि मासेमारीच्या प्रदेशापैकी सुमारे १० हजार चौरस किलोमीटर भाग पुढे करारात धरला गेला. राखीव जागेच्या तुलनेत तो चाळीस हजार पटींहून मोठा आहे. ही जमीन त्यांनी कोणत्याही तहाने सरकारला दिलेली नाही. तरीही विसाव्या शतकात ती एकेका कारणाने हातची जात राहिली.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस काबोंगा जलाशय झाला, नंतर दोझ्वा जलाशय. खालच्या बाजूच्या वीजकेंद्रांना पाणी मिळावे म्हणून धरणे बांधली गेली आणि शिकारीच्या जागा पाण्याखाली गेल्या. १९३९मध्ये जंगलातून महामार्ग गेला. त्याच वर्षी मासेमारी आणि शिकारीसाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. १९५०मध्ये त्याला ला व्हेरांद्री हे नाव मिळाले. रस्त्याबरोबर शहरातले हौशी शिकारी आले, मग लाकूडतोड कंपन्या आल्या. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत पाठवले गेले. अखेर १९६१मध्ये रॅपिड लेकची राखीव जागा मिळाली. विरोधाभास असा, की ज्यांच्या प्रदेशात विजेसाठी पाणी साठवले, त्यांची वस्ती अनेक दशके डिझेल जनरेटरवर चालली.

१९९१चा करार का गाजला?

कॅनडात जमिनीच्या दाव्यांची नेहमीची वाट अशी असते : मोबदला आणि काही जमीन घ्यायची, उरलेल्या प्रदेशावरचा पारंपरिक हक्क सोडायचा. बॅरियर लेकने ही वाट नाकारली. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७मध्ये शाश्वत विकासाची कल्पना मांडली होती. तिचाच आधार घेत त्यांनी वेगळा प्रस्ताव दिला. ओटावात धरणे आणि महामार्ग रोखण्याची आंदोलने झाल्यानंतर २२ ऑगस्ट १९९१ रोजी केंद्र सरकार, क्युबेक सरकार आणि समुदाय यांच्यात त्रिपक्षीय करार झाला.

त्यानुसार मालकीचा वाद बाजूला ठेवून आधी जंगलाचा अभ्यास करायचा होता. मूस, म्हणजे तिथले थोराड हरीण, हिवाळ्यात कुठे थांबते. अस्वलांच्या गुहा, औषधी वनस्पती, मेपलचा गोड रस काढायची झाडे, पूर्वजांच्या दफनभूमी कुठे आहेत, याची माहिती वडीलधाऱ्यांकडून घेऊन नकाशे बनवायचे. मग कुठे झाडे तोडायची, कुठे नाही, हे एकत्र ठरवायचे. शिवाय जंगलाच्या उत्पन्नातला काही वाटा समुदायाला मिळणार होता. लाकूडतोड बंद करण्याची अट त्यात नव्हती.

मग अडले कुठे?

अंमलबजावणी कायम रखडली. २००१मध्ये केंद्र सरकार करारातून बाजूला झाले. २००६मध्ये क्युबेक आणि समुदाय यांच्या प्रतिनिधींनी संयुक्त शिफारशी केल्या. त्यात वर्षाला १५ लाख डॉलरच्या वाट्याचाही समावेश होता, पण त्या तशाच राहिल्या. २००८मध्ये करार पाळा म्हणून लोकांनी महामार्ग ११७ अडवला, तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

दुसरा संघर्ष नेतृत्वावरून झाला. इथे मुखिया निवडण्याची रूढ पद्धत होती. जंगलाशी ज्यांचा नित्य संबंध आहे, त्यांनी वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र बसून निवड करायची. १९९६मध्ये केंद्राने मूळ परिषदेला डावलून एका अंतरिम परिषदेला मान्यता दिली. २००६मध्ये समुदायाचा पैसा बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. २०१०मध्ये तर ‘इंडियन अॅक्ट’चे कलम ७४ वापरून मतपत्रिकेची निवडणूक लादण्यात आली आणि बहुसंख्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. अंतर्गत वाद मिटवण्यासाठी हे केल्याचे सरकारचे म्हणणे होते. वाद होते, हे खरेच. पण करारासाठी आग्रह धरणारे नेतृत्वच हटवण्याचा हा मार्ग असल्याचा आरोप समुदायातील अनेकांनी केला. जंगलाबाबत बोलायचे कोणी, हेच सरकार ठरवू लागले, तर करारातल्या ‘एकत्र निर्णया’ला अर्थ काय उरतो, असा त्यांचा सवाल होता.

अलीकडे काय बदलले?

२०२०च्या शरद ऋतूत मूसची संख्या घटत असल्याचे सांगत अल्गोंक्विनांनी हौशी शिकाऱ्यांच्या वाटा अडवल्या. या वस्त्यांत मूसचे मांस ही चैन नसते. ते घरोघरी वाटून खाल्ले जाते. पुढच्या वर्षी क्युबेकने ला व्हेरांद्रीतील मूसच्या हौशी शिकारीला स्थगिती दिली.

ऑक्टोबर २०२४मध्ये क्युबेकच्या सुपीरियर कोर्टाने याच समुदायाच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. प्रांतात कोणीही ऑनलाइन अर्ज करून, थोडे शुल्क भरून खाणीसाठी जागेवर दावा नोंदवू शकतो. असा दावा देण्याआधीच आदिवासींशी सल्लामसलत करणे सरकारवर बंधनकारक आहे, असे न्यायालयाने म्हटले.

पुढे काय?

‘विचारणे’ म्हणजे नेमके काय, हा खरा पेच आहे. नोटीस पाठवून उत्तराची मुदत देणे हीसुद्धा कागदोपत्री सल्लामसलत ठरते. १९९१च्या करारात तिचा अर्थ वेगळा होता : आधी वडीलधाऱ्यांबरोबर जंगल फिरायचे, नकाशा करायचा आणि मग कुऱ्हाड चालवायची. न्यायालयाने विचारण्याची वेळ निश्चित केली. विचारण्याची पद्धत तीस वर्षांहून जुन्या करारात आधीच लिहून ठेवलेली आहे. ती अमलात येते का, यावर रॅपिड लेकच्या पुढच्या पिढीला जंगलात जायला जंगल उरेल का, हे ठरेल.