विश्लेषण : पारिजातकासाठीचे युद्ध नेमके कुणाशी? वाशीमच्या राजाच्या हरवलेल्या काव्यातून समजून घेऊ नायक आणि संघर्षाचे नाते

कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला, त्यासाठी इंद्राशी युद्ध झाले आणि झाड सत्यभामेच्या अंगणात लागले, ही गोष्ट मराठी घरांत लहानपणीच ऐकायला मिळते. पण ही गोष्ट युद्धाची आहे की रुसव्याची? कृष्णाचा खरा झगडा इंद्राशी आहे की रागावलेल्या सत्यभामेशी? या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे १,७०० वर्षांपूर्वी आजच्या वाशीममधून राज्य करणाऱ्या एका राजाने आपल्या काव्यात दिले होते. ते काव्य आज हाती नाही. मात्र त्याने कथेत केलेला बदल पुढे काश्मीरच्या पंडितांनी उदाहरण म्हणून नोंदवून ठेवला. नायकाला कशाशी झगडायला लावायचे, यावर कथेचा अर्थ कसा ठरतो, हे या एका बदलातून समजते.

हा राजा कोण?

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्यातील पहिल्या प्रवरसेनानंतर राज्याच्या शाखा झाल्या. त्यापैकी एका शाखेची राजधानी नागपूरजवळच्या नंदिवर्धन येथे, तर दुसरीची वत्सगुल्म येथे होती. या दुसऱ्या शाखेचा संस्थापक म्हणजे प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन. त्याचा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो.

या शाखेची स्पष्ट ओळख अलीकडची आहे. १९३९ मध्ये वाशीम येथे सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. त्याच्या राज्यकाळाच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेले हे दानपत्र आहे. त्यातील वंशावळ संस्कृतमध्ये, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. त्यानंतर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेखाशी त्याची सांगड घालून या शाखेचा इतिहास मांडला. ‘हरिविजय’ या काव्याचा कर्ता सर्वसेन म्हणजे हाच वत्सगुल्मचा राजा, हे त्यांचे मत अभ्यासकांमध्ये सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे.

हे ‘हरिविजय’ कोणते?

मराठी घरांत परिचित असलेली ‘हरिविजय’ ही पोथी श्रीधर कवीची आहे आणि ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. सर्वसेनाचे ‘हरिविजय’ त्याच्या कितीतरी शतके आधीचे आणि महाराष्ट्री प्राकृतातले, म्हणजे ज्या भाषेतून पुढे मराठी घडत गेली त्या भाषेतले. संपूर्ण काव्य उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज अशा काव्यशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेल्या गाथा वेचून अभ्यासकांनी त्याच्या कथेचा अंदाज बांधला आहे. भोज हा अकराव्या शतकातला. याचा अर्थ वाशीमच्या राजाचे काव्य किमान ७०० वर्षे चर्चेत होते.

मूळ कथा काय आणि सर्वसेनाने काय बदलले?

विष्णुपुराणातील कथेत नरकासुराचा वध झाल्यावर कृष्ण आणि सत्यभामा अदितीची कुंडले परत करण्यासाठी स्वर्गात जातात. तिथे नंदनवनातील पारिजातक सत्यभामेच्या नजरेस पडतो. हे झाड द्वारकेला का नेऊ नये, असे ती विचारते. हे झाड इंद्राणीचे आहे, असे रखवालदार बजावतात. समुद्रमंथनातून निघालेल्या झाडावर एकट्या इंद्राणीचा हक्क कसा, असा सत्यभामेचा सवाल आहे. मग युद्ध होते आणि इंद्र हरतो. या कथनात एका बाजूला स्वर्गातल्या देवांची मिरास आहे आणि दुसऱ्या बाजूला ती मोडणारे कृष्ण-सत्यभामा. सत्यभामा इथे कृष्णाच्या बाजूने उभी आहे.

सर्वसेनाने वेगळा रस्ता धरला. त्याच्या काव्यात पारिजातक आणणे हा सत्यभामेची समजूत घालण्याचा भाग झाला. प्रतिस्पर्धी इंद्रच आहे, पण कृष्णापुढची खरी अडचण घरात आहे. ज्याच्यापुढे देवांचा राजा टिकत नाही, त्याला रागावलेल्या माणसाचे मन जिंकायचे आहे आणि तिथे शस्त्र चालत नाही.

घटना जवळपास त्याच आहेत. झाड, इंद्र आणि द्वारका या गोष्टी दोन्हीकडे आहेत. पण पहिल्या कथेचा अर्थ ‘देवांच्या मक्तेदारीला दिलेले आव्हान’ असा होतो, तर दुसरीचा ‘सामर्थ्य कितीही असले तरी प्रेमात विनवणीच करावी लागते’ असा होतो.

काश्मीरच्या पंडितांना यात काय दिसले?

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. कथेच्या परिणामाचा विचार करताना तो सांगतो की, जुन्या कथेतला एखादा भाग काव्याच्या रसाला मारक ठरत असेल, तर कवीने तो सोडून द्यावा आणि रसाला अनुकूल असा नवा भाग कल्पावा. घडले ते जसेच्या तसे सांगणे हे कवीचे काम नाही, त्यासाठी इतिहासग्रंथ आहेत, असे त्याचे म्हणणे. उदाहरण म्हणून तो कालिदासाच्या रचना, सर्वसेनाचे ‘हरिविजय’ आणि स्वतःचे ‘अर्जुनचरित’ यांची नावे घेतो. त्यावरील टीकेत अभिनवगुप्ताने नेमका बदल नोंदवला : जुन्या इतिहासकथांत तसे दिसत नसतानाही ‘हरिविजया’त पारिजातहरण हे प्रियेच्या मनधरणीचे अंग म्हणून रंगवले आहे.

काव्य हरवले, पण त्यातला हा निर्णय टिकला तो अशा प्रकारे.

नायक म्हणजे ‘चांगला माणूस’ का?

चर्चेत अनेकदा नायक म्हणजे सद्गुणी आणि खलनायक म्हणजे दुर्गुणी, असे धरले जाते. जुने नाट्यशास्त्र याहून नेमके बोलते. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात मुख्य कथेला ‘आधिकारिक’ म्हटले आहे. अधिकार म्हणजे फळावरची मालकी. कथेच्या शेवटी मिळणारे फळ ज्याचे, तो अधिकारी आणि त्याची कथा ती मुख्य कथा. बाकीच्या कथा प्रासंगिक, म्हणजे ओघाने येणाऱ्या.

हे सूत्र पारिजातकाला लावून पाहता येते. फळ म्हणजे झाड असेल, तर इंद्राशी युद्ध ही मुख्य कथा होते आणि रुसवा हे केवळ निमित्त. फळ म्हणजे सत्यभामेचा राग जाणे असेल, तर युद्ध हे केवळ साधन उरते. म्हणूनच कुणाला काय हवे आहे आणि ते मिळण्याच्या आड काय येते, हे दोन प्रश्न कोणतीही कथा वाचताना पहिल्यांदा विचारावे लागतात.

आड येणारी गोष्ट बाहेरचीच असते असे नाही. ती दुसरा माणूस असू शकते, समाजाचा नियम असू शकतो, दुष्काळ किंवा दैव असू शकते किंवा नायकाचा स्वतःचा स्वभावही असू शकतो.

एका शापाने दुष्यंत कसा बदलला?

आनंदवर्धनाने कालिदासाचे नाव का घेतले असावे, हे ‘शाकुंतल’ पाहिल्यावर कळते. महाभारतात शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सर्व आठवत असते. तरीही तो तिला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो तिला स्वीकारतो आणि लोकांनी शंका घेऊ नये म्हणून आपण तसे वागलो, असा खुलासा करतो. तिथे झगडा शकुंतला आणि राजा यांच्यात आहे. तिचा भर सत्यावर आणि हक्कावर आहे.

कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. त्यामुळे दुष्यंत खोटे बोलणारा राहिला नाही, विसरलेला झाला. अंगठी सापडल्यावर त्याचा झगडा स्वतःच्या पश्चात्तापाशी सुरू होतो. राजाची प्रतिमा उजळली आणि नाटकाला करुण किनार मिळाली. त्याचबरोबर महाभारतातल्या शकुंतलेचा रोखठोक सवाल मागे पडला. संघर्ष बदलला की काहीतरी मिळते आणि काहीतरी सुटते.

वत्सगुल्मच्या अस्ताची कथा कुणाची?

वाशीमशी जोडली जाणारी आणखी एक कथा आहे. दंडी या लेखकाच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत गद्यकथेच्या आठव्या प्रकरणात विदर्भाच्या राज्याच्या नाशाची हकिकत येते. पुण्यवर्मा हा गुणी राजा वारतो. त्याचा मुलगा अनंतवर्मा हुशार असतो, पण राजनीतीकडे पाठ फिरवतो. वृद्ध मंत्री वसुरक्षित समजावतो, तर विहारभद्र हा तोंडपुजा त्या उपदेशाची टर उडवतो. अश्मकाचा राजा वसंतभानू हेर पाठवून राजाला व्यसनांत गुंतवतो, मांडलिकांना फितवतो आणि युद्धात अनंतवर्मा मारला जातो. राणी मुलांना घेऊन पळते. अखेर विश्रुत हा तरुण त्या लहान राजपुत्राला गादीवर बसवतो.

पुण्यवर्मा म्हणजे वत्सगुल्म शाखेचा अजिंठाकालीन राजा हरिषेण आणि ही कथा म्हणजे त्या राज्याच्या अस्ताची आठवण, असे मत मिराशींनी मांडले. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही लेण्यांचा कालक्रम लावताना या कथेचा आधार घेतला. हे मत सर्वांना मान्य नाही, कारण दंडी सुमारे दोन शतकांनंतरचा आहे आणि त्याने लिहिली ती कथा आहे, बखर नव्हे.

इथेही नायकाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दंडीचा नायक विश्रुत आहे, त्यामुळे राज्य बुडण्याची हकिकत ही त्याच्या साहसाची पार्श्वभूमी होते. तीच हकिकत अनंतवर्म्याच्या बाजूने सांगितली, तर स्वतःच्या स्वभावाशी हरलेल्या माणसाची शोकांतिका होईल. आणि वसंतभानूला मध्यभागी ठेवले तर? हेर, फितुरी आणि डावपेच ‘मुद्राराक्षस’ नाटकातही आहेत. तिथे ते चाणक्याचे आहेत, म्हणून प्रेक्षक त्याच्या यशाची वाट पाहतो. कृत्ये सारखी असूनही एक कारस्थानी ठरतो आणि दुसरा मुत्सद्दी. अशा कथेवरून इतिहास लावायचा असेल, तर ती कुणाच्या बाजूने सांगितली आहे, हे आधी तपासावे लागते.

मराठी कादंबरीने यातून काय घेतले?

विसाव्या शतकातल्या दोन लोकप्रिय मराठी कादंबऱ्या याच बदलावर उभ्या आहेत. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. त्यामुळे शुक्राचार्यांच्या शापापेक्षा माणसाची न संपणारी वासना हा संघर्षाचा गाभा होतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण मध्यभागी येतो आणि महाभारत हे राज्याच्या वाट्याचे भांडण न राहता जन्माने नाकारलेल्या माणसाचा मान मिळवण्याचा झगडा बनते. युद्धात जिंकतात पांडवच, पण वाचकाची सहानुभूती हरणाऱ्याकडे जाते.

वऱ्हाडाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत राजा नाही, देव नाही, शापही नाही. नायिका कौतिक ही गरीब शिंप्याची बायको आहे. तिला हवे आहे ते पोरांच्या पोटाला अन्न आणि उभा राहणारा संसार. आड येते ते दारिद्र्य आणि नवऱ्याचे नाकर्तेपण. इथे झेंडा घेऊन समोर उभा राहणारा प्रतिनायक नाही, त्यामुळे जिंकण्याचा एक क्षणही नाही. रोज तेच झगडणे आहे. संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. वाशीम, अकोला किंवा अमरावतीच्या वाचकाला कौतिक शेजारची वाटते, ती केवळ बोलीमुळे नाही. तिच्यापुढची अडचण ओळखीची आहे. फळावरचा अधिकार तिच्यासारख्या बाईलाही असू शकतो, हे या कादंबरीने दाखवले.

वाचताना काय लक्षात ठेवावे?

• मध्यवर्ती व्यक्ती कोण, हे शीर्षकावरून ठरवू नये. कथेअखेरच्या फळाकडे पाहावे.

• मोठा आवाज करणारा संघर्ष हाच मुख्य संघर्ष असतो असे नाही. युद्धाच्या गोष्टीत खरा पेच रुसव्याचा असू शकतो.

• जुनी कथा नव्याने सांगितली असेल, तर काय बदलले हे शोधावे. लेखकाचे म्हणणे बहुधा त्या बदलात असते.

• कुणाचा झगडा सांगितलाच गेला नाही, हेही पाहावे.

पारिजातकाच्या गोष्टीत हा शेवटचा प्रश्न लोकांनीच विचारला आहे. महाराष्ट्रात सांगितल्या जाणाऱ्या कथेत झाड सत्यभामेच्या अंगणात लागते, पण फुले पडतात ती रुक्मिणीच्या अंगणात. पुराणात झाड मिळाले की विजय पूर्ण होतो आणि सर्वसेनाकडे रुसवा गेला की काम फत्ते होते. लोककथेत इंद्र हरला, झाड आले, तरी सत्यभामेच्या हाती फूल नाही. पारिजातकाचे झाड दारात असलेल्या कुठल्याही घरात विचारले, तर बहुधा याच शेवटाची गोष्ट ऐकायला मिळेल.