फितींतून प्रथिनं दाखवणाऱ्या जेन रिचर्डसन

प्रथिनाच्या एका रेणूत हजारो अणू असतात. सगळेच काढले तर कागदावर नुसता गुंता दिसतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या जेन रिचर्डसन (जन्म १९४१) यांनी १९८१च्या एका प्रदीर्घ लेखासाठी प्रथिनांच्या साखळ्या हातानं फितींसारख्या रेखाटल्या : वेटोळं म्हणजे अल्फा हेलिक्स, रुंद बाण म्हणजे बीटा पट्टा. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी प्रथिनांची रंगीत चित्रं याच पद्धतीची.

रिचर्डसन यांची वाट मुळात सरळ नव्हतीच. शाळेत असताना स्वतःच्या निरीक्षणांवरून स्पुटनिकची कक्षा काढली, १९५८मध्ये राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत तिसऱ्या आल्या. एम.ए. मात्र तत्त्वज्ञानात, आणि पीएच.डी. केलीच नाही!

पुढे पती डेव्हिड यांच्यासोबत त्या संगणकाकडे वळल्या. १९९२मधल्या ‘मेज’ या प्रणालीमुळे साध्या संगणकावरही रेणू फिरवून पाहता येऊ लागला. नंतरची ‘मोलप्रोबिटी’ ही प्रणाली तर रचनेतल्या चुकाच दाखवते. अणू एकमेकांत घुसले, की तिथे गुलाबी काटे उभे राहतात. याच तपासणीत जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३मध्ये मद्रासमध्ये मांडलेला, साखळीतल्या कोनांचा आलेखही वापरला जातो.