जुन्या गिटारची निगा : यत्नाचाराचा एक घरगुती पाठ

१९३८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलरटन या गावी, लिओ फेंडर नावाच्या तरुणाने सहाशे डॉलर कर्जाऊ घेऊन रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्याचे शिक्षण हिशेबशास्त्राचे आणि पूर्वीची नोकरी जमाखर्च लिहिण्याची. महामंदीच्या काळात ती नोकरी गेली आणि लहानपणापासूनचा छंद उपजीविकेच्या कामी आला. याच दुरुस्ती करणाऱ्या माणसाने १९५० पासून भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या आणि १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ सिद्ध केली. आज जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या गिटारींपैकी ती एक आहे. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. परंतु बिघडलेली वस्तू घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाची अडचण त्यांना नेमकी ठाऊक होती. म्हणून त्यांनी वाद्याची मान धडाला कायमची चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. जो भाग झिजेल तेवढाच बदलावा, बाकीचे वाद्य चालू राहावे, असा त्यामागचा विचार होता.

या विचाराचा लाभ आज आपल्या घरांपर्यंत पोहोचला आहे. भक्तिसंध्येत पेटी आणि तबल्याच्या जोडीला गिटार ऐकू येते आणि मुलामुलींना ती शिकावीशी वाटते. मागणी बहुधा नव्या, महागड्या वाद्याची असते. हौस सहा महिन्यांत ओसरली, की ते वाद्य माळ्यावर जाते. ज्याची घरात कोणाला गरज नाही आणि जे सोडवतही नाही, त्याला आपल्या परंपरेत परिग्रह म्हणतात. त्याऐवजी एखादी जुनी, मजबूत गिटार घेऊन ती मुलाच्याच हातून स्वच्छ करून घेतली, तर पैसा वाचतोच. शिवाय वस्तू सांभाळण्याचा संस्कारही घडतो. पाच समित्यांपैकी चौथी, आदान-निक्षेपण समिती, वस्तू उचलताना आणि ठेवताना सावध राहण्यास सांगते. ती साधुजीवनासाठी असली, तरी तिचे मर्म श्रावकाच्या घरातही उपयोगी पडते.

खरेदीपूर्वीची तपासणी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन जुन्या वस्तूच्या खरेदीला थेट लागू पडतात : चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि नकली माल खरा म्हणून चालवणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. जुन्या गिटारींच्या बाजारात दोन्हींचा संभव असतो. विक्रेत्याकडे मूळ पावती आहे का, हे विचारावे. वाद्यावरील अनुक्रमांक टिपून घ्यावा आणि तो निर्मात्याच्या नोंदींशी जुळतो का, ते पाहावे. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह चिकटवलेल्या बनावट गिटारी सर्रास विकल्या जातात. भाव फारच स्वस्त असेल, तर तो आनंदाचा नव्हे, चौकशीचा विषय समजावा.

त्यानंतर माल पाहावा. गिटार डोळ्यांच्या रेषेत धरून मानेवरून नजर टाकली, की मान वाकली किंवा पिळवटली आहे का, ते कळते. किंचित वाक मानेच्या आत बसवलेल्या पोलादी सळईने सुधारता येतो. पीळ मात्र सहसा सुधारत नाही. फ्रेट, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, तारांखाली खोल झिजल्या असतील, तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. शेवटी गिटार अॅम्प्लिफायरला जोडून प्रत्येक बटण फिरवून पाहावे. खरखर ऐकू आली तर घाबरण्याचे कारण नाही, तो बहुधा धुळीचा दोष असतो. आवाज मुळीच न येणे, ही मात्र वेगळी बाब आहे.

पदार्थांचा विचार

अहिंसेच्या दृष्टीने आणखी एक तपासणी आवश्यक ठरते. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात, त्या पट्टीला नट म्हणतात. काही गिटारींत ती हाडाची असते. बहुतेक स्वस्त गिटारींत ती प्लॅस्टिकची असते. ग्रॅफाइट, पितळ आणि कृत्रिम संयुगांचे नटही मिळतात. हाडाचा नट काढून असा नट बसवणे हे कुशल कारागिराचे लहानसे काम आहे. फ्रेटबोर्डवरील चकचकीत ठिपके महाग वाद्यांत शिंपल्याचे, तर साध्या वाद्यांत प्लॅस्टिकचे असतात. तारा छेडण्याची नखी पूर्वी कासवाच्या कवचाची असे. आता ती सेल्युलॉइड किंवा नायलॉनची असते. गळ्यातील पट्टा चामड्याऐवजी सुती किंवा नायलॉनचा घ्यावा. वाद्य पुसण्यासाठी मृदू चामडे विकले जाते; जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा धुतलेला तुकडा ते काम उत्तम करतो.

स्वच्छतेचा क्रम

आधी गिटारची वायर अॅम्प्लिफायरमधून काढावी. अॅम्प्लिफायर घरी कधीही उघडू नये. विशेषतः व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक दाबाची वीज साठून राहू शकते. टेबलावर जाड, मऊ कापड पसरून त्यावर गिटार ठेवावी आणि चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जो स्क्रू निघेल, तो कोणत्या भागाचा याची चिठ्ठी लावून लहान डबीत ठेवावा. दुकानाची वही नीट ठेवणाऱ्या घराला ही शिस्त नव्याने शिकवावी लागत नाही.

बराच काळ पडून असलेल्या वाद्याच्या पेटीत आणि पोकळ्यांत कोळी, कसर किंवा झुरळ आश्रयाला असू शकते. त्यामुळे पेटी उघडताच झटकू नये किंवा त्यात कीटकनाशक फवारू नये. उजेडात नीट पाहावे, मऊ कुंचल्याने हळूहळू धूळ बाजूला करावी आणि जीव आढळल्यास त्याला सुरक्षित जागी सोडावे. डांबराच्या गोळ्याही पेटीत ठेवू नयेत. त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकलाही बाधते.

तारा काढताना ताणलेली तार एकदम कापू नये. सहा तारांचा मिळून मानेवर साधारण ४० ते ४५ किलोचा ताण असतो. खुंट्या फिरवून सर्व तारा आळीपाळीने थोड्या थोड्या सैल कराव्यात आणि मगच काढाव्यात. तारांची टोके सुईसारखी असतात, म्हणून डोळे आणि बोटे सांभाळावीत.

त्यानंतर फ्रेटबोर्ड. येथे लाकूड ओळखणे महत्त्वाचे ठरते. गडद तपकिरी शिसवी फळीवर सहसा लाखेचा वा रंगाचा थर नसतो. तिच्यावर बोटांचा घाम आणि मळ बसतो. घट्ट पिळलेल्या ओलसर कापडाने ती पुसावी. कडक झालेला मळ जुन्या, मऊ दातांच्या ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने काढावा. फळी पूर्ण वाळल्यावर फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचे दोन-चार थेंब चोळून पाच मिनिटांनी सर्व तेल पुसून घ्यावे. वर्षातून एकदा किंवा दोनदा एवढे पुरे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल मात्र लावू नये. ते कालांतराने खवट आणि चिकट होते. फिकट पिवळसर मेपलच्या फळीवर बहुधा पारदर्शक थर असतो. तिला तेल लागत नाही, ओलसर कापड पुरते.

फ्रेट चमकवण्यासाठी बारीक पोलादी लोकर वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. इलेक्ट्रिक गिटारवर ती जपून वापरावी लागते. तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत सूक्ष्म वीज उपजते आणि तीच अॅम्प्लिफायरमध्ये मोठी होते. लोकरीचा चुरा या चुंबकाला चिकटला, तर निघता निघत नाही. म्हणून आधी पिकअपवर कागदी चिकटपट्टी लावावी, किंवा लोकरीऐवजी फ्रेटसाठी मिळणारे रबरी घासणे वापरावे.

धडाच्या रंगाला हात लावण्यापूर्वी त्यावरचा थर कोणता, याचा अंदाज घ्यावा. आजकालच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा टणक थर असतो. काही जुन्या आणि महाग गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असते. ते अल्कोहोलने आणि रबराच्या दीर्घ स्पर्शाने खराब होऊ शकते. त्यामुळे कोणताही द्रव प्रथम मागील बाजूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावा. काच पुसण्याचे द्रव, रॉकेल आणि फर्निचरचे सिलिकॉनयुक्त पॉलिश टाळावे. प्रथम कोरडे कापड, नंतर किंचित ओलसर, पुन्हा कोरडे, या क्रमाने बहुतेक मळ निघतो. जुन्या वाद्यावरचे बारीक तडे आणि उडालेला रंग झाकण्यासाठी नव्याने रंगकाम करू नये. संग्राहकांच्या बाजारात मूळ रंगाला मोल असते आणि पुन्हा रंगवलेल्या जुन्या गिटारची किंमत बरीच उतरते.

ब्रिजवरील धूळ कोरड्या ब्रशने काढावी. गंजलेल्या लहान स्क्रूंना शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब टाचणीच्या टोकाने द्यावा आणि जास्तीचे तेल टिपून घ्यावे. बटणांच्या खरखरीवर विद्युत संपर्क स्वच्छ करण्याचा, मागे अंश न ठेवणारा फवारा मिळतो. तो बटणाच्या आतील भागात अगदी थोडा मारून बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवले, की आवाज सहसा निवळतो. वायर जिथे घुसते त्या जॅकची चक्री सैल असेल, तर ती आवळावी. मात्र जॅक आतून फिरू देऊ नये, अन्यथा आतील वायरी पिळून तुटतात. काही गिटारींत ९ व्होल्टची बॅटरी असते. वाद्य वापरात नसताना ती काढून ठेवावी. पाझरलेली बॅटरी आतील भाग खाऊन टाकते.

शेवटी नव्या तारा. खुंटीवर दोन-तीन नीटस वेढे द्यावेत, जास्तीचे टोक कापावे आणि तारा हलक्या हाताने ओढून पुन्हा पुन्हा सुरात आणाव्यात. मानेतील सळई फिरवण्याचे धाडस नवशिक्याने करू नये. ती पाव फेऱ्यानेही मानेचा वाक बदलते आणि जबरदस्ती केल्यास तुटते. हे काम जाणकार कारागिराचे आहे.

पावसाळा आणि रोजची सवय

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात किंवा कोल्हापूर परिसरात चातुर्मासाच्या पहिल्या दोन महिन्यांत हवा याहून कितीतरी दमट असते. लाकूड फुगते, मान हलते, तारा गंजतात. या काळात वाद्य ओलसर भिंतीला टेकवून किंवा तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओल शोषून निकामी झाल्या की बदलाव्यात. आठवड्यातून एकदा तरी पेटी उघडावी. सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय मात्र रोजचा आहे : वाजवण्यापूर्वी हात धुवावेत आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने वरून आणि खालून पुसाव्यात. घामाने तारा गंजतात. एका मिनिटाच्या पुसण्याने त्यांचे आयुष्य स्पष्टपणे वाढते.

शिसवाच्या बाबतीत जगाचा हिशेबही बदलला आहे. वन्य जीव आणि वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींच्या व्यापारावर निर्बंध आले; पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जंगलांवरील ताण मात्र कायम आहे. चांगल्या स्थितीत राखलेली प्रत्येक जुनी गिटार एका नव्या गिटारची गरज पुढे ढकलते.

घरात या वाद्यासाठी एक छोटी वही ठेवणे उपयुक्त ठरते. खरेदीची तारीख आणि किंमत, अनुक्रमांक, तारा कधी बदलल्या, कोणता भाग दुरुस्त केला, किती खर्च आला, याची नोंद मुलाने स्वतः करावी. दोन वर्षांनी त्याला कळते की आपण या वाद्याला किती वेळ दिला आणि त्याने आपल्याला किती दिले. हौस टिकली असेल, तर तेच वाद्य अधिक प्रिय होते. टिकली नसेल, तर ते स्वच्छ, सुरात असलेल्या अवस्थेत, वहीसह, शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या साधर्मिक मुलाच्या हाती सोपवावे. माळ्यावरची जागा रिकामी राहते आणि वाद्य वाजत राहते.