जावास्क्रिप्टमधील वस्तुसंयोग आणि साहाय्यक पद्धती

प्रोग्रॅममधील ‘वस्तू’, म्हणजेच ऑब्जेक्ट, ही गुणधर्म व कृती यांची एकत्र बांधलेली मोट होय. नवी वस्तू घडविण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत : वारसा आणि संयोग. वारशाने पूर्वजाचे सर्वस्व प्राप्त होते. संयोगाने अनेक लहान वस्तूंचे गुण एकत्र आणता येतात. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांनी ‘डिझाइन पॅटर्न्स’ (१९९४) या ग्रंथात संयोगासच झुकते माप दिले आहे.

जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणकात ‘ऑब्जेक्ट.असाइन’ ही पद्धती आली आणि संयोग एका ओळीचे काम झाले. तथापि ही सोय वाटते तितकी निर्धोक नाही. कारण ती मूल्य उतरवून घेते, मूल्य काढण्याचा नियम नव्हे.

उदाहरणार्थ, ग्रंथालयाच्या नोंदीत एकूण प्रती ५ व दिलेल्या प्रती २ आहेत, आणि ‘शिल्लक’ हा गेटर विचारताक्षणी वजाबाकी करून ३ हे उत्तर देतो. ‘असाइन’ने ही नोंद नव्या वस्तूत उतरविली की तेथे गेटर उरत नाही, केवळ ३ हा अंक उरतो. पुढे आणखी एक प्रत दिली गेली, तरी शिल्लक ३ च दिसते. शिवाय दोन वस्तूंत एकाच नावाचा गुणधर्म असल्यास नंतरचा आधीच्यास निमूटपणे पुसून टाकतो. दोन्ही प्रसंगी प्रोग्रॅम थांबत नाही, चुकीचे उत्तर मात्र देत राहतो.

यावर उपाय म्हणजे एक छोटी साहाय्यक पद्धती. तिने प्रथम नावांची टक्कर तपासावी व ती आढळल्यास स्पष्ट त्रुटी द्यावी. नंतर २०१७ च्या प्रमाणकातील ‘ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीडिस्क्रिप्टर्स’ने प्रत्येक गुणधर्माचे वर्णन घ्यावे आणि ‘ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टीज’ने ते नव्या वस्तूवर बसवावे. असे केले असता गेटर सजीव राहतो, आणि वरील उदाहरणात शिल्लक २ अशी अचूक मिळते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. गुणधर्माचे मूल्य स्वतःच एखादी वस्तू किंवा यादी असेल, तर तिची प्रत होत नाही. मूळ व नवी वस्तू तीच यादी वापरतात, आणि एकीतून केलेला बदल दुसरीत उमटतो. म्हणून साहाय्यक पद्धतीचे खरे मोल ओळी वाचविण्यात नसून, संयोगाचे नियम एका ठिकाणी उघडपणे मांडण्यात आहे.