वाळवंटाच्या सहलीला निघताना: मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी घ्यायची काळजी

दिवाळीची सुट्टी असो की नाताळची, दापोडे-भिवंडी परिसरातील अनेक कुटुंबे हल्ली जैसलमेरचा बेत आखतात. सोनेरी किल्ला, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या, उंटाची सवारी, रात्री तंबूत मुक्काम असा कार्यक्रम ठरतो. सोबत आई-बाबा किंवा आजी-आजोबा असतात. मग प्रश्न येतो: ‘शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. न्यावे की नको?’

बहुतेक वेळा उत्तर ‘न्यावे’ असेच असते. मात्र तयारी हवी. वाळवंटात शरीराचे काय होते हे समजले की कोणती काळजी घ्यायची ते आपोआप कळते.

आपला उकाडा आणि वाळवंटातील उष्णता यांत फरक काय?

दापोडे-मानकोली पट्ट्यातील गोदामांत एप्रिल-मे महिन्यांत काम करणाऱ्याचा शर्ट तासाभरात भिजून अंगाला चिकटतो. खाडीजवळच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. त्रास होतो, पण घाम दिसतो, म्हणून माणूस पाणी पितो.

वाळवंटात उलटे घडते. हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडे लागते आणि ‘मला घामच येत नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी शरीरातून सहज जाऊ शकते, आणि घामाबरोबर मीठही जाते.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. त्यामुळे ‘तहान लागली की पिऊ’ हा नियम साठीपुढच्या माणसाला पुरत नाही. लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद आणि थोडी होत असेल तर शरीरात पाणी कमी पडले आहे.

कधी जावे?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात बरा. एप्रिल ते जून या महिन्यांत मधुमेह, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी पश्चिम राजस्थान टाळावे. जोधपूर-जैसलमेर मार्गावरच्या फलोदी येथे मे २०१६ मध्ये ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.

हिवाळ्यातही दुपारचे ऊन कडक असते आणि पहाटे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरू शकतो. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. किनारपट्टीवरच्या माणसाला याची सवय नसते. म्हणून सुती कपड्यांबरोबर स्वेटर, कानटोपी आणि पायमोजेही घ्या.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे?

निघण्याच्या दोन आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि गोळ्यांची यादी दाखवा. पुढील औषधांबद्दल आवर्जून विचारा:

- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड): पाणी आणि मीठ आणखी कमी होऊ शकते.
- टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या: शरीरातील पाणी घटल्यावर बीपी एकदम उतरू शकते आणि किडनीवर ताण येतो.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि सोबत पाणीही जाते. उलट्या-जुलाब झाल्यास त्या काही दिवस थांबवाव्या लागतात. केव्हा थांबवायच्या आणि केव्हा पुन्हा सुरू करायच्या ते आधीच लिहून घ्या.
- ॲलर्जीच्या, झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या: यांतील काहींमुळे घाम कमी येतो किंवा गुंगी येते. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये.

कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनही मनाने घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या किडनीला इजा करू शकतात.

हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी ‘वाळवंटात भरपूर पाणी प्या’ हा सर्वसाधारण सल्ला पाळू नये. दिवसाला किती वाढवायचे याचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.

पाणी, ओआरएस आणि खाणे

दोन-तीन तास उन्हात फिरणार असाल तर प्रत्येकाकडे किमान एक लिटरची स्वतंत्र बाटली हवी. थोड्या थोड्या वेळाने काही घोट घ्यावेत. नुसते पाणी ढोसण्यापेक्षा जेवणात ताक, लिंबूपाणी, डाळ असे काही असावे, म्हणजे मीठही भरून निघते. रक्तदाब असलेल्यांनी मात्र मुद्दाम जास्तीचे मीठ खाऊ नये.

ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच विरघळवा. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात घालणे धोक्याचे असते. मधुमेहींनी ते सरबतासारखे रोज पिऊ नये, पण जुलाब-उलट्या झाल्यास साखरेच्या भीतीने टाळूही नये. मद्य आणि कडक उन्हाचा मेळ टाळा.

इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर

वापरात नसलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. उघडलेली कुपी किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते एक तासही ठेवू नका. बर्फाला थेट चिकटूनही ठेवू नका, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

इथे कोरडी हवा तुमच्या उपयोगाची आहे. माठातले पाणी जसे बाष्पीभवनाने गार होते तशीच पाण्यात भिजवून वापरायची इन्सुलिनची पिशवी चालते. भिवंडीच्या दमट हवेत ती फारशी गार होत नाही, वाळवंटात मात्र चांगली चालते. पिशवी हवेशीर ठेवा, बंद डब्यात नको.

उष्णतेत त्वचेखालील रक्तप्रवाह वाढतो, इन्सुलिन लवकर शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते. त्यात टेकड्या चढण्याची मेहनत असते. हातपाय थरथरणे आणि चक्कर येणे ही उन्हाचीही लक्षणे असतात आणि साखर उतरल्याचीही. म्हणून अंदाज न करता तपासा. तपासता येत नसेल तर आधी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर द्या. ग्लुकोमीटर आणि पट्ट्याही सावलीत ठेवा.

पायांची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी तापलेल्या वाळूत अनवाणी चालू नये. भाजल्याचे कळत नाही आणि जखम महिनोन् महिने रेंगाळते. बूट घालण्यापूर्वी आतली वाळू झटका आणि रात्री तळपाय तपासा.

उंट आणि जीप

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. खाली बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो आणि तसाच झटका पुन्हा बसतो. दोन्ही वेळा पाठ मागे झुकवून खोगीर घट्ट धरा. हाडे ठिसूळ झालेली, मणक्याचा त्रास, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर उंटाची सवारी नको. वाळूच्या टेकड्यांवरून जीप उडवण्याच्या खेळात मणक्याला याहून मोठे धक्के बसतात. अशांनी खालीच खुर्ची टाकून सूर्यास्त पाहावा. तो तिथूनही तेवढाच सुंदर दिसतो.

दम्याच्या रुग्णांनी धूळ उडत असताना नाकातोंडावर ओला रुमाल किंवा मास्क बांधावा आणि शेकोटीच्या धुरापासून दूर बसावे. इन्हेलर खिशात हवा, हॉटेलवरच्या बॅगेत नको.

साप आणि विंचू

कोकणातले फुरसे वाळवंटातही आढळते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावू शकते आणि कधी खूणही दिसत नाही. खाटेवर झोपा, अंधारात बॅटरी घेऊन चाला, सकाळी बूट झटकून घाला. साप चावल्यास कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता रुग्णालय गाठा. दुखत नसले तरी जा.

विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला आणि अनेकांचे प्राण वाचले. विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलांत, तर एक क्षणही थांबू नका.

उष्माघात ओळखा

थकवा, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, मळमळ ही पहिली सूचना. सावलीत आणा, कपडे सैल करा, पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटायला हवे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. तेव्हा:

१. १०८ किंवा ११२ ला फोन करा.
२. अंगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. कोरड्या हवेत हा उपाय झपाट्याने काम करतो. रुग्णवाहिका येईपर्यंत आणि प्रवासातही चालू ठेवा.
३. काखेत, मानेवर, जांघेत गार कापड ठेवा.
४. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.
५. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप त्याने उतरत नाही.

सम हे ठिकाण जैसलमेर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर दूर आहे. म्हणून रुग्णाला गार करण्याचे काम तुम्हालाच, जागेवरच सुरू करावे लागते.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी

भिवंडीतून हज-उमऱ्यासाठी जाणाऱ्या ज्येष्ठांनाही हेच नियम लागू आहेत. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या माहितीनुसार १,३०१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक विनापरवाना आलेले होते आणि सावलीविना उन्हात लांबवर चालले होते. छत्री, पाणी आणि दुपारची विश्रांती या साध्या गोष्टी तिथे जीव वाचवतात.

बॅगेत हे हवेच

- ठरलेल्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची जास्त औषधे, अर्धी एका बॅगेत आणि अर्धी दुसऱ्या बॅगेत
- औषधांची चिठ्ठी, शेवटचा ईसीजी आणि आजारांची नोंद
- ओआरएस, ग्लुकोज पावडर, थर्मामीटर, बीपी मशीन
- टोपी, गॉगल, पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे

गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल, छातीत वारंवार दुखत असेल, पायांवर सूज वाढत असेल किंवा साखर सतत ३०० च्या वर असेल, तर सहल पुढे ढकला. बाकीच्यांनी सकाळी किल्ला पाहावा, दुपारी सावलीत झोप काढावी आणि चार वाजल्यानंतर वाळूत जावे.